होकायंत्र आधी, बाकीचे मागाहून

बेळगाव-निपाणीकडच्या माणसाने शिडाची बोट घेतली असे सांगितले की आपल्याकडे गोव्यात आधी हसू येते. तिकडचा माणूस म्हणजे तंबाखू, ऊस, फौंड्री आणि सकाळी आपल्या दारात येणारे दूध-भाजी. त्याचा समुद्राशी संबंध काय, तर वर्षातून एकदा मिरामारला येऊन पाय भिजवणे, असा आपला समज. पण जरा नकाशा उघडून पाहा. आपली म्हादई उगम पावते ती बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात. त्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा मात्र पूर्वेची वाट धरते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. निपाणीजवळची वेदगंगाही तिकडचीच. म्हणजे एकाच डोंगरावर पडणारा पाऊस थोडक्या अंतरावर दोन समुद्रांत वाटला जातो. दिशा म्हणजे काय हे शिकायला याहून चांगली जागा कुठे सापडणार?

म्हादईचे पाणी कुणाला किती, यावर लवादाने 2018 मध्ये निवाडा दिला, तरी तंटा मिटला नाही. त्यावर इथे लिहीत नाही. मला म्हादई हे दुसरे नाव आठवते आहे. मांडवीतल्या दिवाडी बेटावर अक्वेरियस या कारखान्यात बांधलेली आणि 2009 च्या फेब्रुवारीत नौदलात दाखल झालेली 56 फुटी शिडाची नौका म्हणजे ‘आयएनएसव्ही म्हादई’. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघाले आणि चार बंदरे घेत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून 2010 च्या मे महिन्यात परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने जग फिरणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेतून 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. खानापूरच्या रानातल्या ओढ्याचे नाव असे दक्षिण महासागरातून फिरून आले. तेव्हा घाटावरच्या माणसाचा समुद्राशी संबंध नाही, हे निदान आपण गोवेकरांनी तरी म्हणू नये.

आता मुद्द्याकडे येतो. माझी बहीण बेळगावात दिलेली. तिच्या मुलाने आणि त्याच्या निपाणीच्या दोन मित्रांनी मिळून गोव्यात एक जुनी, फायबरची, 26 फुटी शिडाची बोट घेतली आहे. पाऊस सरला की मांडवीतून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबई गाठायची, असा बेत. अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. पोरे हुशार आहेत, हाताला काम आहे. भावोजींचे उद्यमबागेत छोटे मशीन शॉप असल्यामुळे बोटीचे निम्मे सुटे भाग तिथेच तयार झाले. चार्टप्लॉटर आला, सोलर पॅनेल आले, गाण्यांसाठी स्पीकर आले. सुकाणूपाशी लावायच्या होकायंत्राचा विषय मी काढला तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, मोबाईलात सगळं दिसतंय की. खरं तुम्ही ते होकायंत्र धरूनच बसलायसा!”

(तिकडच्या मराठीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे आपल्या वाचकांसाठी.)

होय, मी ते धरूनच बसलो आहे. मी दर्यावर्दी नव्हे. पण गेली काही वर्षे एका मित्राच्या बोटीवर सवड मिळेल तसे सुकाणू धरतो, आणि त्यावरून माझे मत असे बनले आहे की शिडाच्या बोटीवर होकायंत्राची जागा सगळ्यांत आधी ठरवावी आणि बाकीच्या वस्तूंनी तिच्याभोवती आपापली जागा शोधावी. हल्ली नेमके उलट होते. सगळे लावून झाले की उरलेल्या भोकात होकायंत्र बसते, आणि मग ते दाखवते त्यावर कुणाचा विश्वास राहत नाही. ‘बघा, होकायंत्र चुकीचंच दाखवतं’ असे म्हणायला आपण मोकळे!

आधी एक गैरसमज दूर करू. उपग्रहावर चालणारे यंत्र आणि होकायंत्र एकच काम करत नाहीत. जीपीएस सांगते तुम्ही कुठे आहात आणि जमिनीच्या हिशेबाने कुठल्या बाजूला सरकत आहात. बोटीचे तोंड कुठे आहे हे ते स्वतः होऊन सांगत नाही. ओढ बाजूने असेल किंवा वाऱ्याने बोट आडवी सरकत असेल तर तोंड एकीकडे आणि वाट दुसरीकडे, असे तासन् तास चालते. शिवाय पडद्यावरचा आकडा जरा उशिरा बदलतो. लाटेने बोट वळली, आकडा बदलला, तुम्ही सुकाणू फिरवले, तोवर बोट परत दुसरीकडे. पडद्याकडे बघून सुकाणू धरणाऱ्याच्या मागची फेसाची रेघ पाहा, सापासारखी असते. होकायंत्राची तबकडी त्याच क्षणी बोलते. तिच्यावर एक नजर टाकायची, समोरचा एखादा तारा नाहीतर ढग धरायचा आणि त्यावर नाळ ठेवायची. आपले जुने तांडेल, जे त्याला नुसते ‘होका’ म्हणत, ते हेच करत आले. दिवसभर तबकडीकडे टक लावून बसणारा माणूस संध्याकाळी आजारी पडतो.

आणि वीज गेली तर? रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये ‘सुहैली’तून जगातली पहिली विनाथांबा एकट्याची प्रदक्षिणा केली. ती नौका आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. तेव्हा जीपीएस नव्हतेच. त्या प्रवासाच्या आठवणीत 2018 मध्ये गोल्डन ग्लोब ही शर्यत पुन्हा झाली, तिच्यात जीपीएस वापरायला मुद्दामच बंदी होती. त्यासाठी ‘सुहैली’ची प्रतिकृती ‘तुरिया’ गोव्यातच बांधली गेली आणि टॉमी तिच्यातून उतरले. सप्टेंबर 2018 मध्ये हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर दुखापत झाली, त्यांना वाचवून आणावे लागले. तेच टॉमी पुढच्या, 2022 ला सुरू झालेल्या शर्यतीत दुसरे आले. होकायंत्र वादळ थांबवत नाही. पण बाकी सगळे बंद पडल्यावर कुठल्या बाजूला तोंड करायचे, एवढे ते नक्की सांगते, आणि त्यासाठी त्याला बॅटरी लागत नाही.

आता निवड. दुकानात सगळी होकायंत्रे सारखीच दिसतात, घुमटाखाली तेलात तरंगणारी काळी तबकडी. फरक चार गोष्टींत असतो.

पहिली गोष्ट आकार. तबकडी किती मोठी घ्यायची हे बोटीच्या लांबीपेक्षा तुमच्या डोळ्यापासून ती किती लांब असणार यावर ठरवावे. भाच्याच्या बोटीसारख्या बोटीला शंभर मिलिमीटरच्या आसपासची तबकडी बरी. लहान डिंगीवर शोभणारे होकायंत्र इथे खेळणे ठरते. एकेका अंशाच्या बारीक रेघा पाहून भुलू नये. हलत्या बोटीत एक अंश कुणी धरू शकत नाही. पाच-पाच अंशांच्या ठळक खुणा आणि मोठे आकडे, हेच रात्री तीन वाजता उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट, बोट कलल्यावर तबकडी मोकळी फिरते का. शिडाची बोट तासन् तास वीस-पंचवीस अंश कलून चालते. दुकानातच यंत्र हातात घेऊन तीस अंशांपर्यंत कलवावे आणि हळूहळू गोल फिरावे. तबकडी कुठे अडकली, थबकली, तर नमस्कार करून परत ठेवावे.

तिसरी गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक नसते. पृथ्वीची चुंबकीय ओढ सगळीकडे आडवी नसते. उत्तरेकडे गेलो की सुईचे उत्तर टोक खाली झुकते, दक्षिणेकडे दुसरे टोक. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते, त्यामुळे आपल्याकडे सुई थोडीच झुकते. म्हणून कारखान्यातून तबकडीचा तोल त्या त्या पट्ट्याप्रमाणे साधलेला असतो. युरोपातून आलेले जुने, स्वस्त होकायंत्र इथे तिरके बसून घासू शकते. आपल्या पट्ट्याचे आहे का, हे विचारूनच घ्यावे. दोंदे किंवा टॉमी यांच्यासारखे दक्षिण महासागरात जायचे असेल तर गोष्ट वेगळी, तिथे दोन्हीकडे चालणारे हवे.

चौथी गोष्ट उजेड. मंद आणि तांबडा असावा. पांढऱ्या दिव्याने डोळे दिपतात आणि समोर दिवा न लावता उभी असलेली होडी दिसत नाही. कोकण किनाऱ्यावर अशा होड्या किती असतात हे मी गोवेकरांना सांगायला नको.

निवड झाली. खरा प्रश्न पुढेच आहे. लावायचे कुठे?

चाकाचे सुकाणू असेल तर उत्तर सोपे, चाकापुढच्या खांबावर, मधोमध. भाच्याच्या बोटीला दांड्याचे सुकाणू आहे. असे सुकाणू धरणारा मधोमध बसत नाही, तो वाऱ्याकडच्या बाजूला काठावर बसतो आणि बोटीने बाजू बदलली की तोही बदलतो. केबिनच्या मागच्या भिंतीवर डावीकडे एकच होकायंत्र लावले तर एका बाजूला बसून ते छान दिसते आणि दुसरीकडे बसले की तिरके. तिरके पाहिले की रेघ सरकल्यासारखी वाटते आणि पाच अंश सहज इकडचे तिकडे होतात. म्हणून अशा बोटीवर दोन होकायंत्रे, दाराच्या दोन्ही अंगांना. परवडत नसेल तर एकच घ्यावे, पण ज्याच्यावर मधल्या रेघेखेरीज दोन्हीकडे पंचेचाळीस अंशांवर जादा रेघा असतात असे. मधली रेघ बोटीच्या कण्याला समांतर हवी. केबिनची भिंत कण्याला काटकोनात आहे असे गृहीत धरू नये. बऱ्याच बोटींत ती नसते. दोरा लावून मोजावे. ही चूक राहिली तर ती सगळ्या दिशांना सारखीच राहते आणि कुठलेही चुंबक लावून जात नाही.

आता लोखंड. बेळगाव हे बिडाच्या ओतकामाचे गाव. भावोजींनी प्रेमाने होकायंत्राला बसायला बिडाचे एक सुंदर कडे करून ठेवले होते! मी म्हटले, “भावोजी, एवढे सोडून काहीही करा. पितळ चालेल, ॲल्युमिनियम चालेल, लाकूड तर उत्तमच.” ते म्हणाले, “मग स्टेनलेस?” तिथेही जपावे लागते. चांगले स्टेनलेस चुंबकाला बहुधा चिकटत नाही, पण वाकवलेल्या नळीत आणि वेल्डिंगच्या जागी थोडी ओढ येते. परीक्षा सोपी आहे. हातातले साधे होकायंत्र टेबलावर ठेवावे आणि वस्तू हळूहळू जवळ आणावी. सुई हलली की ती वस्तू तिथून लांब.

आम्ही ही परीक्षा बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर केली. स्क्रू, कड्या, मोबाईल, स्पीकर, एकेक वस्तू. स्पीकर तर हातभर लांबूनच सुई फिरवू लागला, आत चुंबकच असते त्याच्या. सगळ्यांत गंमत घावन्यांच्या तव्याची. बहिणीने पोरांना बोटीवर न्यायला बिडाचा जड तवा दिला होता आणि पोरांनी त्याची जागा ठरवली होती केबिनच्या आत, नेमकी त्या भिंतीमागे, जिच्या बाहेर होकायंत्र बसणार. भिंत एक इंच जाड. बाहेरून पाहणाऱ्याला आत तवा आहे की नाही हे कळणारही नाही. आणि तवा रोज जाग्यावर थोडाच राहतो! न्याहारीला एक दिशा, जेवणानंतर दुसरी. कायमची चूक मोजता येते. रोज बदलणारी चूक माणसाला बुडवते.

किती फरक पडतो, असे भाच्याने विचारले. हिशेब सोपा आहे. साठ मैलांत एक अंश म्हणजे एक मैल. तीन अंशांची चूक घेऊन पणजीहून उत्तरेला निघालात तर पंचवीस-तीस मैलांवर, निवतीसमोरच्या वेंगुर्ला रॉक्सपाशी पोहोचेपर्यंत तुम्ही सव्वा ते दीड मैल बाजूला गेलेले असाल. ज्या खडकांवर दीपगृह बांधावे लागले त्यांच्याजवळ रात्री दीड मैल म्हणजे चेष्टा नव्हे.

इथे आपल्याच भागातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून होत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्या प्रवाहाने नोंदी बिघडणार. वेधशाळेचे प्रमुख तेव्हा नानाभाई मूस होते. ट्राम थांबवा असे कुणी म्हटले नाही. खाडीपलीकडे अलिबागला, लोखंड टाळून, नवी चुंबकीय वेधशाळा बांधली. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या-नव्या मापांची सांगड घातली आणि मग कुलाब्याच्या नोंदी थांबवल्या. मला हे फार शहाणपणाचे वाटते. सुईची जागा गोंगाटापासून दूर नेली आणि जाताना जुना हिशेब तोडला नाही. बोटीवर आपल्याला अलिबाग गाठता येत नाही, पण हात-दीड हात तरी सरकता येते. इंजिन, स्पीकर, विजेचे मीटर, मोबाईल ठेवायचा कप्पा, सगळे निदान एक मीटर लांब. होकायंत्राच्या दिव्याला जाणाऱ्या दोन तारा एकमेकींना पिळून न्याव्यात, म्हणजे त्यांची ओढ एकमेकींत जिरते. स्वयंचलित सुकाणूचे स्वतःचे होकायंत्र असते, त्याच्याशीही याची शेजारपण नको.

इतके करूनही थोडी चूक उरतेच, आणि ती प्रत्येक दिशेला वेगळी असते. म्हणून शेवटचे काम, बोट गोल फिरवून पाहणे. सकाळी वारा पडलेला असताना नदीच्या तोंडाशी जावे, नकाशावर असलेल्या दोन खुणा एका रेषेत धराव्यात, आठ दिशांना बोट चालवून प्रत्येक वेळी होकायंत्र काय म्हणते ते लिहावे. आपल्याकडे खऱ्या उत्तरेत आणि चुंबकीय उत्तरेत एक अंशाच्या आसपासच फरक आहे, तो हिशेबात धरावा. एकदा इंजिन बंद ठेवून, एकदा चालू ठेवून. यंत्रातल्या लहान चुंबकांनी जेवढी चूक निघते तेवढी काढावी, त्यासाठी पेचकस पितळेचा घ्यावा. जी उरते ती कागदावर लिहून सुकाणूपाशी चिकटवावी. आपण एका गोष्टीत नशीबवान आहोत. चुंबकीय विषुववृत्त जवळ असल्याने इथे आडवी ओढ जोरदार असते आणि लोखंडाची खोडी त्या मानाने कमी चालते. तीच बोट दूर दक्षिणेला नेली की तेच लोखंड जास्त त्रास देते.

भाच्याला हा कागद पटेना. “चूक लिहून ठेवायची म्हणजे यंत्र खराब आहे असं कबूल करणंच की.” मी म्हटले, “अरे, उलट! ज्याच्यावर चूक लिहिलेली आहे तेच यंत्र भरवशाचे.”

आणि हे सीमाभागातल्या पोराला कळायला जड जाऊ नये. 1956 साली 1 नोव्हेंबरला बेळगाव-निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. महाजन आयोगाचा अहवाल 1967 साली आला, महाराष्ट्राचा दावा 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेला. दर 1 नोव्हेंबरला त्या एकाच शहरात कुणी राज्योत्सव करतो, कुणी काळा दिन पाळतो. आपल्याकडेही 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल दोन घरांत दोन वेगळ्या आवाजांत सांगितला जातो. मी मराठीत लिहितो, माझी सुई कुठे ओढली जाते हे मला ठाऊक आहे आणि वाचकांनाही. ते लोखंड काढून फेकता येत नाही, ते घरचेच आहे. पण भिंतीमागे तवा ठेवून ‘आमची सुई तेवढी सरळ’ असे म्हणणे, हे बोटीवर चालत नाही आणि जमिनीवरही चालू नये. आपले विचलन मोजून दुसऱ्याला वाचता येईल असे लिहून ठेवले, म्हणजे निदान एका बोटीत बसून पुढे जाता येते.

असो. पोरांच्या बोटीवर आता दाराच्या दोन्ही अंगांना दोन होकायंत्रे बसली आहेत, लाकडी चौकटीत, पितळेच्या स्क्रूंनी. ती चौकट उद्यमबागेतच झाली आणि एक इंचही बीड न वापरता झाली, याचे भावोजींना अजून वाईट वाटते. स्पीकर पुढे गेले. तवा पार नाळेकडच्या खणात गेला आणि त्याला तिथे खिळ लावली आहे, म्हणजे हलणार नाही. बोट फिरवून कागद भरायचा आहे, तो पाऊस सरल्यावर. त्याआधी मुंबईचे नाव काढायचे नाही, ही अट मी घातली आहे आणि बहिणीने ती माझ्याहून मोठ्या आवाजात घातली आहे.

तुमच्यापैकी कुणी बोट घेत असाल, जुनी असो वा नवी, तर एवढेच करा. पैसे देण्यापूर्वी सुकाणूपाशी बसा, दोन्ही बाजूंना बसून पाहा, आणि विचारा की विचलनाचा कागद कुठे आहे. कागद नसेल तर विकणाऱ्याशी भांडू नका. किंमत थोडी कमी करून घ्या, आणि एका शांत सकाळी स्वतः जाऊन तो भरा.